‘सुवर्ण नक्की’ या वाक्याचं काय करायचं?



संयोजकांनी आजच्या विषयाची पाटी लावली आहे, ‘आशियाई स्पर्धेतील कबड्डी : कोणत्या संघाला किती संधी?’ तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं कबड्डीवर काय बोलायचं, हा प्रश्न पुढच्या दोन रांगांतल्या चेहऱ्यांवर आम्हाला स्पष्ट दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. कोपरारक्षकानं घोट्यात पकड कशी घालावी हे इथं बसलेले निम्मे लोक आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. तो आमचा प्रांत नाही. आमचा प्रांत वाक्यांचा आहे. कुणी काही ठामपणे म्हणालं, की ते कशाच्या जोरावर म्हणालं हे विचारायचं, एवढंच आम्हाला येतं. आज एकच वाक्य तपासायला घेतलं आहे : ‘कबड्डीत सुवर्ण नक्की.’

हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे आणि बहुतेकांनी उच्चारलेलं आहे. आशियाई स्पर्धा आली की वर्तमानपत्रांत संभाव्य पदकांचे तक्ते येतात. नेमबाजीपुढे ‘आशा’, कुस्तीपुढे ‘चांगली संधी’, बॅडमिंटनपुढे ‘चुरस’. कबड्डीपुढे मात्र विश्लेषण थांबतं, तिथं ‘नक्की’ असतं. यंदा १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहे. म्हणजे हे वाक्य पुन्हा येणार. ते येण्याआधीच त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्यावं, म्हणून हे व्याख्यान.

सुरुवातीला एक तुलना करू. त्या स्पर्धेआधी, ११ जूनपासून, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक आहे. पहिल्यांदाच ४८ संघ, १०४ सामने. त्याबद्दल आपल्या गिरगावात, दादरला, परळच्या नाक्यावर लोक कसे बोलतात ते ऐका. कुणी म्हणतो, फ्रान्सकडे माणसं भारी आहेत पण बचाव बघावा लागेल. कुणी म्हणतो, स्पेनची पोरं जोरात आहेत. कुणी मेस्सीचं वय काढतो. ‘नक्की’ हा शब्द क्वचितच येतो, आणि आलाच तर शेजारचा लगेच टोकतो : अरे, २०२२ मध्ये सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं होतं, आणि तोच अर्जेंटिना पुढे कप घेऊन गेला, विसरलास? २०१४ मध्ये ब्राझीलनं स्वतःच्या देशात जर्मनीकडून सात गोल खाल्ले. चार वर्षांनी तोच जगज्जेता जर्मनी दक्षिण कोरियाकडून हरून गटातच बाद झाला. हे दाखले आपल्या जिभेवर असतात.

म्हणजे शक्यतेचा विचार कसा करायचा हे आपल्याला कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. मग तेच आपण कबड्डीकडे वळलो की काय होतं? आमच्या मते कारण साधं आहे. फुटबॉलच्या त्या ४८ संघांत आपण नाही. आपलं काही पणाला लागलेलं नसतं, त्यामुळे डोकं मोकळं असतं. कबड्डीत आपण आहोत, नुसते आहोत असं नाही, मालक आहोत अशी आपली समजूत आहे. आणि मालक माणूस स्वतःच्या घराच्या भिंतीला तडा गेलाय का हे रोज तपासत नाही.

आता कुणी म्हणेल, मुंबईकराला कबड्डी कळते म्हणून तो ठाम बोलतो. याच्या उलट पुरावा याच वस्तीत आहे. श्रमिक जिमखान्याच्या मैदानावर किंवा प्रभादेवी-लालबागच्या एखाद्या गल्लीत बांबू बांधून, बल्ब टांगून स्पर्धा भरते तेव्हा कडेला उभी असलेली जुनी मंडळी बघा. गिरणीच्या पाळीवरून येऊन सामने बघणारी ती पिढी आता विरळ झाली, पण तिची नजर अजून शिल्लक आहे. दादरचा विजय क्लब आणि लालबागचा अंकुर समोरासमोर आले, तर ही माणसं ‘नक्की’ म्हणत नाहीत. ती विचारतात, उजवा कोपरा कोण सांभाळतोय? त्याचा गुडघा बरा झाला का? त्यांचा मुख्य चढाईपटू बाद झाला तर दुसरा कोण? काल रात्री दोन सामने खेळलेत, आज दम टिकेल का? मग एक जण म्हणतो, विजयचं पारडं थोडं जड, पण पहिला लोण अंकुरनं दिला तर सांगता येत नाही. मित्रहो, हे मूल्यमापन आहे! यात बाजू सांगितली आहे, प्रमाण सांगितलं आहे, आणि अंदाज कशानं फिरेल तेही सांगितलं आहे. हाच माणूस घरी जाऊन भारताच्या संघाबद्दल बोलायला लागला की ‘आपलं सुवर्ण नक्की’ म्हणून मोकळा होतो. नजर तीच, माणूस तोच. ‘आपलं’ हा शब्द मध्ये आला आणि नजर बंद झाली.

बरं, ‘नक्की’ म्हणणाऱ्याची बाजू आम्ही कमजोर करून मांडणार नाही. ती भक्कम आहे. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. तिथपासून २०१४ पर्यंत सात स्पर्धा झाल्या आणि पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. महिलांची कबड्डी २०१० ला सुरू झाली, २०१० आणि २०१४, दोन्ही सुवर्ण भारताची. पुरुषांचा विश्वचषक २००४ मध्ये आपल्या मुंबईतच झाला, २००७ मध्ये पनवेलला झाला, २०१६ मध्ये अहमदाबादला झाला, तिन्ही आपण जिंकले. एवढं सगळं समोर असताना कुणी ‘नक्की’ म्हणालं तर त्याला वेड्यात कसं काढायचं?

इथं आमचं शास्त्र मदतीला येतं. आपल्याकडच्या नैयायिकांनी अनुमानावर फार बारीक विचार केलेला आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग आहे असं आपण म्हणतो. का म्हणतो? तर जिथं जिथं धूर तिथं तिथं आग, हा नेमाचा संबंध आपल्याला ठाऊक असतो. त्याला व्याप्ती म्हणतात. हा संबंध कळतो कसा? पुन्हा पुन्हा पाहून, म्हणजे भूयोदर्शनानं. चार्वाक यावर लगेच हरकत घेतो : शंभर वेळा पाहिलंत, एकशे एकाव्या वेळेचं काय? पुढे युरोपात ह्यूमनं जवळपास हाच प्रश्न विचारला. पण नैयायिक एवढ्यावर थांबत नाहीत आणि म्हणून ते आम्हाला प्रिय आहेत. ते म्हणतात, नुसत्या मोजणीवर जाऊ नका, उपाधी शोधा.

उपाधी म्हणजे काय? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून प्रत्येक विद्यार्थी जे उदाहरण शिकतो तेच घेऊ. धुरावरून आग ओळखणं बरोबर आहे. पण उलट गेलात, जिथं आग तिथं धूर असं म्हणालात, तर फसाल. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. मग चुलीत दर वेळी धूर का दिसायचा? लाकूड ओलं होतं म्हणून. धूर यायला नुसती आग पुरत नाही, ओलं लाकूड लागतं. आपण वर्षानुवर्षं ओल्या लाकडाची चूल पाहिली आणि समजलो की आगीचाच हा गुण. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. निष्कर्ष खरा ठरवणारी, पण आपल्या नजरेतून निसटलेली अट.

आता कबड्डीकडे या. ‘जिथं भारताचा संघ तिथं सुवर्ण’ ही व्याप्ती आपण सात वेळा पाहिली. या चुलीतलं ओलं लाकूड कोणतं? आम्हाला दिसतं ते असं : समोरच्या संघांना आपल्याइतका खेळायला मिळत नव्हता. आपल्याकडे गल्लीत स्पर्धा, जिल्ह्यात स्पर्धा, राज्याची निवड चाचणी, बँका, रेल्वे, तेल कंपन्यांचे संघ. वर्षभर तगड्या प्रतिस्पर्ध्याशी झुंज. बाकीच्यांना असा कस लावणारा प्रतिस्पर्धी दोन-चार वर्षांतून एकदा मिळायचा, आणि तो म्हणजे भारत. आपलं कौशल्य खोटं होतं असा याचा अर्थ नाही. आग खरीच होती. पण सुवर्णाचा धूर त्या आगीला दुसऱ्याच्या अननुभवाची जोड होती म्हणून इतक्या नेमानं निघत होता.

हे लाकूड वाळायला लागलं ते आपल्या डोळ्यांसमोर. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ ला वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. लोअर परळहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. लीगनं परदेशी खेळाडूंना जागा ठेवली. त्याच वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला. निकाल २७-२५. मध्यंतराला आपण मागे होतो. दोन गुणांनी सुवर्ण मिळालं, आणि आपण सातवं सुवर्ण म्हणून मोजून टाकलं. ‘दोन गुण’ कुणी मोजले नाहीत.

पुढच्या वर्षी इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळायला आला आणि त्या हंगामाचं विजेतेपद मुंबईनं घेतलं. त्याच्या पकडींना टाळ्या कुणी वाजवल्या? आपणच. कोरियाचा जांग कुन ली बंगालच्या संघात पहिल्या हंगामापासून होता. २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात कोरियानं भारताला ३४-३२ नं हरवलं, ते याच जांग कुन लीच्या चढायांवर. पुढे अंतिम सामन्यात आपण इराणला ३८-२९ नं हरवलं, तिथंही मध्यंतराला मागेच होतो. अनुप कुमारच्या संघानं खेळ फिरवला, अजय ठाकूरच्या चढायांनी सामना काढला. कौतुक करायचं तर या फिरवण्याचं करायला हवं होतं. आपण म्हणालो, ‘बघा, शेवटी आपणच.’

आणि आता २०१८. इथं आमच्या युक्तिवादाचा कणा आहे. मे महिन्याच्या अखेरीस लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला, आपल्याच मुंबईत. फझल अत्राचलीवर यू मुंबानं एक कोटी रुपये लावले. लीगच्या इतिहासात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. इराणचाच अबोझार मिघानी ७६ लाखांना गेला. ज्यांना स्वतःच्या खिशातून पैसे मोजायचे होते त्यांनी इराणी बचावाची किंमत मे महिन्यात उघडपणे सांगितली. तीन महिन्यांनी ऑगस्टमध्ये जकार्ताची आशियाई स्पर्धा आली तेव्हा आपल्या तक्त्यांत कबड्डीपुढे काय होतं? ‘नक्की’. एकाच शहरानं त्याच खेळाडूंचं दोन प्रकारे मूल्यमापन केलं. पैसे द्यायचे होते तेव्हा नीट पाहून, आणि अभिमान मिरवायचा होता तेव्हा डोळे मिटून.

जकार्तात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पुरुष संघ गटात कोरियाकडून २४-२३ नं हरला, उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ नं. आपल्या संघातली गाजलेली नावं आठवा : अजय ठाकूर, राहुल चौधरी, प्रदीप नरवाल, मोनू गोयत, रोहित कुमार, आपला रिशांक देवाडिगा. सगळे चढाईपटू. एवढी चढाई आणि उपांत्य सामन्यात १८ गुण. अंतिम सामन्यात इराणनं कोरियाला १६ वर रोखलं. म्हणजे मे महिन्यातल्या त्या एक कोटी आणि ७६ लाखांचा अर्थ ऑगस्टमध्ये मैदानावर वाचायला मिळाला. त्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ नं हरवलं. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. लाकूड वाळवायला आपल्याच महाराष्ट्राचं ऊन गेलं होतं म्हणा ना!

त्यानंतर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात दोन शब्द फार आले. एक ‘दुर्दैव’ आणि दुसरा ‘गाफीलपणा’. दोन्ही शब्द सोयीचे आहेत. मूळ मूल्यमापन बरोबरच होतं, फक्त नशिबानं किंवा खेळाडूंनी घात केला, असं ते सुचवतात. मग नशिबाचं काय ते बघू.

फुटबॉलमध्ये नशिबाला वाव मोठा आहे, कारण गोल फार थोडे होतात. नव्वद मिनिटं एक संघ दाबून खेळतो, दुसरा एकदाच पुढे जातो आणि गोल करतो. कबड्डीचा हिशोब वेगळा. चाळीस मिनिटांचा सामना, एका चढाईला ३० सेकंद, म्हणजे साधारण ऐंशीच्या आसपास चढाया होतात. प्रत्येक चढाई म्हणजे एक छोटी कसोटी. एखादी चढाई नशिबावर जाईल, दोन जातील. ऐंशी कसोट्यांची बेरीज नऊ गुणांनी तुमच्या विरुद्ध जाते तेव्हा तिला दुर्दैव म्हणणं कठीण आहे. २४-२३ ला म्हणा हवं तर. २७-१८ ला नाही. नियम असा निघतो की जास्त गुणांच्या खेळात सरस संघ जिंकण्याची शक्यता जास्त असते. पण मग हरलेल्याला ‘तरी सरस आम्हीच’ म्हणायचा हक्कही तेवढाच कमी राहतो. आपण या नियमाचा पहिला भाग घेतो आणि दुसरा सोडून देतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे. समजा एखादा संघ इतका भारी आहे की कुठल्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दहापैकी नऊ सामने जिंकेल. अशा संघाला सुवर्णासाठी पाच सामने ओळीनं जिंकायचे आहेत असं धरा. ०.९ ला ०.९ नं पाच वेळा गुणलंत तर उत्तर ०.५९ येतं. म्हणजे शंभरात एकोणसाठ! प्रत्येक सामन्यात ‘जवळजवळ नक्की’ वाटणारा संघ स्पर्धा जिंकेलच असं म्हणताना आपण निम्म्याच्या थोडे वर असतो. प्रत्यक्षात दुबळे संघही समोर येतात आणि गटातली एक हार पचते, त्यामुळे आकडा थोडा सुधारतो. पण उपांत्य आणि अंतिम हे दोन सामने जरी दहापैकी आठच्या हिशोबानं धरले तरी उत्तर ०.६४ येतं. ‘नक्की’पासून हे अंतर बरंच आहे.

यावर एक उत्तर तयार असतं : ‘अहो, पण २०२३ ला आलं ना सुवर्ण परत!’ आलं. हांगझोऊला दोन्ही सुवर्ण आपली. महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ नं हरवलं. गटात याच दोन संघांचा सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला होता. पुरुषांनी इराणला ३३-२९ नं हरवलं. तिथं शेवटच्या क्षणांत २८-२८ बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवर, लॉबीच्या नियमावरून वाद झाला, जुना नियम लागू की नवा यावर तासभर खेळ थांबला. मग शेवट झाला.

आम्ही विचारतो, या दोन निकालांनी ‘नक्की’ म्हणणारे खरे ठरले का? एका गुणानं जिंकलेला सामना, आणि पंचांच्या टेबलाशी तासभर अडलेला सामना. २६-२५ मध्ये एक पकड इकडची तिकडे झाली असती तर याच मुलींबद्दल आपण काय लिहिलं असतं? निकाल मनासारखा लागला म्हणून आधी केलेलं विधान शहाणं ठरत नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा सुखरूप पलीकडे पोचला म्हणजे डोळे मिटणं ही रीत होत नाही. ‘सात-तीन’ म्हणणारा माणूस तीनची बाजू आली तरी खोटा पडत नाही, आणि ‘नक्की’ म्हणणारा जिंकल्यावरही खरा ठरत नाही, हे जरा विचित्र वाटेल, पण घरी जाऊन यावर विचार करा.

आता एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो मनापासूनचा आहे. कुणी म्हणेल, सर, तुम्ही उगाच तर्क लावताय. ‘सुवर्ण नक्की’ हे भाकीत नसतंच. ती शुभेच्छा असते. पोरगं परीक्षेला निघालं की आई ‘पहिला येणार बघ’ म्हणते, ती काही शक्यता मोजत नसते.

मान्य. खेळाडू विमानतळावर निघाली असताना चाळीतल्या बायका ओवाळतात आणि ‘सोनंच घेऊन ये’ म्हणतात, त्यात खोट काढणारा माणूस कोरडा असला पाहिजे. पण आईचं वाक्य आई निकालाच्या दिवशी परत काढत नाही. पोरगं तिसरं आलं तरी ती पेढेच वाटते. वर्तमानपत्रातलं आणि नाक्यावरचं ‘नक्की’ तसं वागत नाही. ते शुभेच्छा म्हणून जातं आणि हिशोब म्हणून परत येतं. २०१८ च्या त्या महिला संघात लोअर परळची सोनाली शिंगटे होती. दादरच्या शिवशक्ती महिला संघाची खेळाडू. आशियाई स्पर्धेत रौप्य, तेही अंतिम सामन्यात तीन गुणांनी हुकलेलं सुवर्ण. दुसऱ्या कुठल्याही खेळात असं पदक घेऊन मुलगी परळला आली असती तर ते मिळवलेलं रौप्य म्हटलं गेलं असतं. कबड्डीत ते ‘गमावलेलं सुवर्ण’ झालं. मथळ्यांत भारताला धक्का बसला होता. इराण जिंकलं होतं हे त्याखालच्या ओळीत.

या वाक्याशी आमचं भांडण इथं आहे. तर्काचा दोष एक वेळ सोडून देऊ. पण ‘नक्की’ हे वाक्य खेळाडूकडून दोन्ही गोष्टी काढून घेतं. जिंकली तर श्रेय नाही, कारण ते ठरलेलंच होतं. हरली तर माफी नाही, कारण ते ठरलेलं होतं. जे सोनं आधीच आपल्या तिजोरीत धरलंय ते आणायला पाठवलेली ती नुसती निरोपी उरते. आणि समोरच्या संघाचा तर विचारच नाही. ज्या इराणी मुलींनी ते सोनं घेतलं त्याही कुठल्या तरी मैदानावर गुडघे फोडून शिकल्या होत्या. खेळात समोरच्याला जिंकण्याची शक्यता दिली नाही, तर आपला विजयही विजय राहत नाही.

मग ‘नक्की’च्या जागी काय म्हणायचं? टीका करून निघून जाणं आम्हाला आवडत नाही, म्हणून यंदाचं मूल्यमापन करून दाखवतो. श्रमिक जिमखान्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाच्या पद्धतीनं.

पहिला प्रश्न, पारडं कुणाकडे? पुरुषांत भारताकडे. २०२३ मध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण इराणला ४२-३२ नं हरवलं, नंतर हांगझोऊ. महिलांतही भारताकडे. मार्च २०२५ मध्ये तेहरानला आपण इराणला त्यांच्या घरी ३२-२५ नं हरवून आशियाई अजिंक्यपद घेतलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला ३५-२८ नं.

दुसरा प्रश्न, किती जड? इथं आम्ही एक गोष्ट बघा म्हणतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये बहारीनला युवा आशियाई स्पर्धा झाली. दोन्ही अंतिम सामने भारत विरुद्ध इराण, दोन्ही आपण जिंकले. मुलींचा निकाल ७५-२१. मुलांचा ३५-३२. तक्त्यात दोन्हीपुढे ‘सुवर्ण’ एवढंच दिसतं. पण एक आकडा सांगतो की मुलींमध्ये आपली पुढची पिढी फार पुढे आहे, आणि दुसरा सांगतो की मुलांमध्ये इराणची पुढची पिढी आपल्या खांद्याला खांदा लावून उभी आहे.

तिसरा प्रश्न, अंदाज कशानं फिरेल? पुरुषांत, आपण पुन्हा नाव गाजलेल्या चढाईपटूंनी संघ भरला आणि दोन्ही कोपऱ्यांना पर्यायी माणूस ठेवला नाही तर. मुख्य चढाईपटूला दुखापत झाली तर. सामना शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरीत आला आणि नियमाचा वाद निघाला तर. महिलांत, तैपेईविरुद्ध आधी गाठ पडून सामना घट्ट झाला तर. एक गुण आणि एक बरोबरी हा हांगझोऊचा हिशोब आहे, आणि ढाक्याचे सात गुण तो पुसत नाहीत.

म्हणून आमचा अंदाज असा : पुरुषांचं सुवर्ण दहात सहा, महिलांचं दहात सात. संघ जाहीर झाले की हे आकडे आम्ही बदलू, आणि बदलायलाच हवेत. दहात सहा ही मोठी गोष्ट आहे, बरं का. फुटबॉलच्या विश्वचषकात सगळ्यात भारी संघालाही कुणी जाणकार एवढी संधी देत नाही. पण दहात चार वेळा दुसरं कुणी तरी जिंकेल, आणि ते जिंकले तर त्यांनी काही चोरलेलं नसेल.

१५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. हुतूतूचा नियमबद्ध खेळ करण्यासाठी, तो देशाबाहेर नेण्यासाठी त्या पिढीनं आयुष्य घातलं. खेळ बाहेर नेला म्हणजे बाहेरचे शिकणार, शिकले म्हणजे एक दिवस हरवणार, हे त्यात आलंच. इराणनं जकार्तात आपल्याला हरवलं तो दिवस आपल्याला कडू लागला. पण खेळ देशाबाहेर रुजावा म्हणून खपलेल्या माणसांच्या कामाचं मोजमाप करायचं तर त्या दिवशीच्या गुणफलकाकडे बघून करावं लागेल. तिथं त्यांचं काम यशस्वी झालेलं दिसतं.

शेवटी एक काम देतो. शिक्षकाची खोड आहे, जात नाही. सप्टेंबरात संघ जाहीर झाले की एका कागदावर तीन गोष्टी लिहा : कोण जिंकेल, दहात किती, आणि कोणती गोष्ट घडली तर तुमचा अंदाज बदलेल. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर पहिल्या दोन ओळी खोडा. कागद घडी करून कपाटात ठेवा आणि स्पर्धा संपल्यावर उघडा. सोनं आलं असेल तर ते किती गुणांनी आलं ते बघा. रौप्य आलं असेल तर ते ज्यांनी आणलं त्यांना परळ-लालबागच्या नाक्यावर हार घाला, आणि सुवर्णाचा विषय त्या वेळी काढू नका.

प्रश्न असतील तर विचारा.